गणितात अडलेली मुलं: कोणती चाचणी घ्यावी, कोणती मदत द्यावी

वर्गातल्या दोन मुलांनी ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं. दोघांनाही फुली मिळाली आणि दोघांचेही गुण गेले. जवळ बसवून तेच गणित मोठ्यांदा सोडवायला सांगितलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." वर लहान अंक असला की ती सरळ मोठ्यातून लहान वजा करत होती. दशक मोडायचा असतो, ही गोष्टच तिच्या रीतीत नव्हती. मुलगा म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक घेतला. बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." त्याला रीत कळली होती, फक्त दशक घेतल्यावर पाचाचे चार करायचे राहून जात होते.

मुलीला काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात हवी होती. मुलाला तीन दिवसांचा सराव पुरला असता. दोघांना एकत्र बसवून "वजाबाकीची उजळणी" घेतली असती तर मुलीला ती कळली नसती आणि मुलाला कंटाळा आला असता.

चाचणी मीच काढली होती आणि प्रश्न चुकीचा निवडला होता. ७ आणि २ मध्ये ५ चा फरक आहे. एककांच्या अंकांत ५ चा फरक असला की या दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच येतं. त्याऐवजी ५२ − २८ विचारलं असतं तर मुलीने ३६ लिहिलं असतं, मुलाने ३४, आणि बरोबर उत्तर येतं २४. म्हणजे नुसतं उत्तर पाहूनही कोण कुठे अडलंय ते कळलं असतं.

कोणती चाचणी आणि कोणती मदत निवडावी, असा प्रश्न शिक्षकांकडून, मुख्याध्यापकांकडून आणि कधी पालकांकडूनही येतो. पर्याय बरेच आहेत, वेळ आणि माणसं कमी. माझं मत आधीच सांगते: जी चाचणी पुढच्या आठवड्यातला तास बदलू शकत नाही, ती या कामासाठी बिनकामाची आहे, मग ती कितीही नेटकी असो. खालची सगळी तुलना मी याच कसोटीवर करते आहे.

चाचण्या: मोठी परीक्षा, छोटा कागद की तोंडी?

सत्राअखेरची किंवा वार्षिक परीक्षा शाळेला आरसा दाखवते. कोणत्या इयत्तेत कोणता घटक कच्चा राहिला, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं, हे तिच्यातून कळतं. पण निकाल हाती येईपर्यंत वर्ग तीन धडे पुढे गेलेला असतो. शिवाय "१०० पैकी ४२" या आकड्यात त्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, याबद्दल एक अक्षरही नसतं. ही परीक्षा घ्यावीच लागत असेल तर निदान प्रश्नवार तक्ता करा: उभ्या रांगेत मुलं, आडव्या रांगेत प्रश्न. एका संध्याकाळच्या कामात बेरजेच्या आकड्यापेक्षा खूप जास्त दिसतं.

छोटी लेखी निदान चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते. एकच कौशल्य, सहा ते आठ प्रश्न, दहा मिनिटं. मात्र तिची ताकद प्रश्नांच्या निवडीत आहे, आणि इथेच बहुतेक तयार चाचण्या कमी पडतात. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. "०.४५ आणि ०.६ यांतलं मोठं कोणतं?" या प्रश्नावर ०.४५ लिहिणारं मूल ४५ हा ६ पेक्षा मोठा म्हणून तसं लिहितं. पण ०.६ लिहिणारं प्रत्येक मूल समजून लिहीत असेल असं नाही. काही मुलांचा समज असतो की दशांश चिन्हानंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. त्यांचं उत्तर बरोबर येतं, कारण चुकीचं असतं. म्हणून लगेच दुसरा प्रश्न हवा: ०.६ आणि ०.७३. आता पहिलं मूल बरोबर येईल आणि दुसरं चुकेल. दोन्ही प्रश्न बरोबर आले तरच पुढे जावं.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. मूल चुकतं तेव्हा बऱ्याचदा ते अंदाधुंद चुकत नसतं, स्वतःची एक चुकीची रीत ते इमानाने पाळत असतं. हे एकदा मनात बसलं की वही तपासण्याची पद्धतच बदलते. फुल्या मोजण्याऐवजी आपण त्या फुलीमागची रीत शोधायला लागतो.

या कागदावर गुण देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. रुथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरा मिळाला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल त्याखालचं वाक्य वाचतच नाही, हे वर्गात रोज दिसतं.

तोंडी चाचणी सर्वांत खोल जाते. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या, मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातलं गणिताचं साधन एका कागदावर मावतं: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मूल समोर बसतं, तुम्ही पाहता, काही मिनिटांत पातळी कळते. अडचण वेळेची. चाळीस मुलं आणि प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे दोनशे मिनिटं. त्यामुळे आधी सगळ्यांना लेखी कागद द्यावा, आणि ज्यांच्या चुकांची रीत कागदावरून उलगडत नाही तेवढ्यांनाच जवळ बोलवावं. बहुतेक वर्गांत अशी आठ-दहा मुलं निघतात.

संगणकावरच्या चाचण्या मुलाची पातळी झटपट ठरवतात. मोठ्या शाळेला त्याचा फायदा आहे. पण मुलाने काय विचार केला ते त्यांतल्या बऱ्याच सांगत नाहीत, आणि शाब्दिक उदाहरणांत वाचनात अडलेलं मूल गणितात अडलेलं दिसतं.

मदतीचे प्रकार आणि त्यांचा खरा परिणाम

इथे थोडे आकडे लागतील. अभ्यासांत परिणाम 'प्रमाण विचलना'त मोजतात, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापात. ढोबळपणे, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध, पन्नासाव्या जागी असलेलं मूल ०.३७ इतक्या सुधारणेने साधारण चौसष्टाव्या जागी जातं, आणि पूर्ण १ इतक्या सुधारणेने चौऱ्याऐंशीव्या.

पहिला पर्याय पातळीनुसार गट. इयत्ता बाजूला ठेवून, ज्यांना एकाच ठिकाणी अडलंय त्यांना रोज ठरावीक वेळ एकत्र बसवायचं. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या 'बालसखी' प्रयोगात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वर्गाबाहेर काढून परिसरातलीच एक तरुणी शिकवत असे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतका फायदा दिसला. शिकवणाऱ्या मुली पदवीधर शिक्षिका नव्हत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. नेमकी पातळी आणि रोजचा वेळ यांनी बराच भार उचलला.

या पर्यायाचा धोका दुसरीकडे आहे. गट महिनोन्महिने तोच राहिला की मुलं स्वतःला "ढ गटातले" म्हणू लागतात, आणि गट मदतीचा न राहता शिक्का बनतो. दर चार ते सहा आठवड्यांनी नव्याने चाचणी घेऊन गट मोडलेच पाहिजेत. एखादं मूल भागाकाराच्या गटात असेल आणि भूमितीच्या गटात नसेल, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

दुसरा पर्याय दोन-चार मुलांची शिकवणी. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवणीचा परिणाम २ प्रमाण विचलन असल्याचं मांडलं. तो आकडा आजही जाहिरातींत फिरतो. त्यावर निर्णय घेऊ नका. २०२० मध्ये निकोव, ओरिओपोलस आणि क्वान यांनी ९६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सरासरी परिणाम ०.३७ निघाला. शाळेत चालणाऱ्या उपायासाठी हाही मोठाच आकडा आहे. शिकागोत नववी-दहावीच्या मुलांना एका शिकवणाऱ्यामागे दोघं अशी, शाळेच्या वेळेतच, वेळापत्रकातला एक तास म्हणून शिकवणी दिली, तिथेही गणितात चांगली वाढ दिसली. माणसं कमी असतील तर हा पर्याय सगळ्यांसाठी ताणू नका. माझ्या त्या वजाबाकीवाल्या मुलीसारख्या, पायाच नसलेल्या मुलांसाठी तो राखून ठेवा.

तिसरा पर्याय संगणक. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. पहिल्या वर्षी गणितात ०.३५, दुसऱ्या वर्षी ०.४७ इतकी वाढ झाली, म्हणजे बालसखीपेक्षाही जास्त. दिल्लीत शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देणाऱ्या 'माइंडस्पार्क'ने साडेचार महिन्यांत ०.३७ चा फायदा दाखवला. पण तिथे निम्मा वेळ माणूस छोट्या गटाला शिकवत होता, हे विसरून चालणार नाही. विकत घेताना एकच गोष्ट तपासा: मूल जिथे आहे तिथून सॉफ्टवेअर सुरू करतं, की इयत्तेचा अभ्यासक्रमच पडद्यावर दाखवतं? दुसऱ्या प्रकाराचं सॉफ्टवेअर म्हणजे पाठ्यपुस्तकच, फक्त विजेवर चालणारं.

चौथा पर्याय, सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवणं. हा कोणालाच आवडत नाही, तरी कधी कधी तोच बरोबर असतो. निदान चाचणीत अर्ध्याहून जास्त मुलं एकाच ठिकाणी चुकली तर तो मुलांचा दोष नाही. शिकवण्यात काहीतरी राहिलंय. अशा वेळी गट पाडणं म्हणजे गळकं छप्पर सोडून बादल्या मांडणं. दोन तास घ्या, साहित्य बदला आणि नव्या मांडणीने शिकवा. काड्यांचे गठ्ठे वापरले असतील तर या वेळी संख्यारेषा घ्या. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिणारा अख्खा वर्ग संख्यारेषेवर १/२ आणि २/५ मांडल्यावर स्वतःच थबकतो: बेरीज झाली आणि उत्तर पहिल्या संख्येपेक्षाही मागे गेलं, हे कसं?

मग निवड कशी करायची

मी निवडताना आधी तक्त्यातली गर्दी पाहते. वर्गातले बरेच जण एकाच चुकीत असतील तर पूर्ण वर्ग. आठ-दहा जण असतील तर रोज अर्धा तास गट. एकटं-दुकटं मूल असेल तर शिकवणी, किंवा निदान आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं जवळ बसणं. संगणक असेल तर तो सरावासाठी वापरावा, म्हणजे शिक्षकाचे हात गटासाठी मोकळे राहतात.

सगळं एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. दहाव्या-बाराव्या वर्षीचं अपूर्णांकांचं आणि भागाकाराचं ज्ञान पुढच्या बीजगणिताचा अंदाज देतं, असं त्यांना दिसलं. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक लक्षात घेतल्यावरही हे टिकलं. वरच्या वर्गांत वेळ थोडाच असेल तर मी हेच दोन घटक आधी धरीन. खालच्या वर्गांत दशक-एकक.

आणि वेळापत्रक. सगळ्या उपायांचं खरं मरण इथे असतं. बिहार आणि उत्तराखंडमध्ये पातळीनुसार शिकवण्याच्या प्रयोगांत शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, साहित्य मिळालं, पण या कामासाठी वेगळा वेळ राखला गेला नाही आणि मुलांच्या शिकण्यात ठळक फरक पडला नाही. उत्तर प्रदेशात त्याच पद्धतीची शिबिरं दहा किंवा वीस दिवसांच्या सलग टप्प्यांत, एकूण पन्नास दिवस घेतली, तेव्हा मोठी वाढ झाली. "वेळ मिळेल तसं घेऊ" असं ठरलं असेल तर चाचणीही घेऊ नका. मुलाला उगाच आणखी एकदा नापास झाल्यासारखं वाटेल. तास ठरवताना खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापू नका. ज्या मुलाचं गणित कच्चं आहे, त्याला शाळेत यावंसं वाटतं ते बऱ्याचदा त्याच तासामुळे.

फायदा विरतो हेही धरून चाला. बालसखीचा परिणाम कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात ०.१० पर्यंत उतरला. म्हणून मी दोन वेळा फेरतपासणी करते: एकदा दोन आठवड्यांनी, आणि एकदा दोन महिन्यांनी, न सांगता, थोड्या वेगळ्या प्रश्नावर.

त्या मुलीचं असंच झालं. काड्यांच्या गठ्ठ्यांवर पंधरा दिवस काम झाल्यावर तिने ५२ − २८ चं उत्तर २४ लिहिलं आणि एक गठ्ठा सोडून दाखवला. दोन महिन्यांनी मी तिला ४०३ − १२८ दिलं. तिने शून्याचे नऊ केले, तेरातून आठ वजा केले, आणि चाराचे तीन करायचे विसरली. उत्तर आलं ३७५. मोठ्यातून लहान वजा करण्याची जुनी रीत कुठेच नव्हती. सुरुवातीला तो मुलगा जिथे होता, तिथवर ती आता आली होती. मी कागदाच्या कोपऱ्यात "मधलं शून्य, तीन दिवस" असं लिहिलं आणि शंभराचा गठ्ठा बांधायला घेतला.