स्वतःचं पॅकेज सांभाळावं की मोठ्या प्रकल्पात शिरावं? सोलापुरातून निर्णय घेणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या माणसाकडे आठवड्याला चार-पाच तास मोकळे आहेत आणि ते ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा वैज्ञानिक सॉफ्टवेअरसाठी द्यायची त्याची मनापासून इच्छा आहे, असं धरू. त्याच्यासमोर मुख्यतः दोन रस्ते असतात. आपण लिहिलेला कोड नीट बांधून स्वतःचं पॅकेज (इतरांना थेट बसवून वापरता येईल असा कोडचा संच) म्हणून खुला करायचा आणि सांभाळायचा, हा एक. नमपाय, सायपाय, सिमपाय (तिन्ही पायथन भाषेसाठीची गणित-विज्ञानाची पॅकेजेस) किंवा ऑक्टेव्ह (आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) अशा जुन्या प्रकल्पात जाऊन तिथल्या कामाचा वाटा उचलायचा, हा दुसरा. आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामुळे तिसरीही एक वाट आहे, तिच्याबद्दल पुढे.

माझं मत आधीच सांगतो. पदवी हातात पडली की पुण्याला किंवा बंगळुरूला जाणार असाल तर मोठ्या प्रकल्पात शिरा. सोलापुरातच राहणार असाल आणि इथल्या एखाद्या विषयाची पक्की जाण तुमच्याकडे असेल, तर स्वतःचं छोटं पॅकेज सांभाळण्यात अर्थ आहे. पण जोडीला दुसरा माणूस मिळाल्याशिवाय नको.

उदाहरण डाळिंबाचं

सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेला रोज किती पाणी लागेल हे काढायचं आहे. त्यासाठी जगभर वापरली जाते ती पेनमन-मॉन्टिथची पद्धत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) 1998 साली ती प्रमाण म्हणून मांडली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि सूर्यकिरणं यांवरून संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (एका प्रमाण पिकाच्या जमिनीतून आणि पानांतून हवेत जाणारं पाणी) काढायचं आणि त्याला पीक गुणांकाने (आपल्या पिकाला त्याच्या किती पट पाणी लागतं त्या आकड्याने) गुणायचं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात असा हिशोब करणारी पायथनची फाईल कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टमध्ये निघणारच. तीनेकशे ओळींची, चालणारी, लॅपटॉपवर पडून राहिलेली. तिचं पुढे काय करायचं?

पहिलं काम शोधाशोधीचं. बाष्पपर्णोत्सर्जनाच्या अनेक सूत्रांचं पायईटी नावाचं पायथन पॅकेज आधीपासून आहे. तुमच्या फाईलमध्ये सूत्राखेरीज काही नसेल तर नवं पॅकेज काढू नका. पण डाळिंबाच्या वाढीच्या अवस्था, आंबिया-मृग-हस्त असे वेगवेगळे बहार, बहाराआधीचा पाण्याचा ताण, ठिबकचा हिशोब हे सगळं त्यात असेल, तर ते दुसऱ्या कुणाकडे मिळायचं नाही. तिथे स्वतंत्र पॅकेजचा विचार सुरू होतो.

स्वतःचं पॅकेज: काम खरं कुठे असतं

पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस जिथून सगळे घेतात त्या स्थळावर) पॅकेज चढवायला एक दुपार पुरते. काम त्यानंतर येतं, आणि ते बहुतेक वेळा कोड लिहिण्याचं नसतंच.

एखादा वापरकर्ता लिहितो, ‘पाण्याचा आकडा फार जास्त येतोय.’ एवढंच. आता मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, काय करायचं? हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग बहुधा 10 मीटर उंचीवर मोजतात, सूत्राला तो 2 मीटरवरचा लागतो. म्हणजे आकड्याला साधारण 0.75 ने गुणायला हवं. ते राहिलं असेल. किंवा ताशी किलोमीटरमधला वेग सेकंदाला मीटर समजून भरला असेल. मग वारा थेट 3.6 पट होतो. सोलापूरच्या मे महिन्यात ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण हवा कोरडी असली की सूत्रातला वाऱ्याचा वाटा वाढतो. हे ओळखायला विषय कळावा लागतो. विचारायलाही चांगलं यावं लागतं: ‘तुमचा वारा कुठल्या उंचीवर मोजलाय, एकक कोणतं, एका दिवसाचा डेटा पाठवाल का?’ एवढ्या तीन प्रश्नांनी माणूस टिकतो. ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ म्हटलं की तो जातो, आणि त्याच्या मागे उभे असलेले आणखी चार जण विचारायलाच येत नाहीत. कम्युनिटी सांभाळणं म्हणजे मुख्यतः हेच. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं आहेत. मदतीचं एक पान या भाषांमध्ये असेल, तर वापरणारा त्याच्या भाषेत नेमकी अडचण सांगतो आणि मेंटेनरचा निम्मा वेळ वाचतो. हा फायदा स्थानिक पॅकेजलाच मिळतो.

दुसरा भाग कंटाळवाणा, पण टाळता येत नाही असा. तुमचा कोड जागेवर असतो आणि त्याखालची जमीन सरकत राहते. डिसेंबर 2022 मध्ये नमपाय 1.24 ने ‘एनपी डॉट फ्लोट’ हे जुनं नाव काढून टाकलं आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या कितीतरी फाईल्स एररवर थांबल्या. जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं. 2006 च्या 1.0 नंतरची ती पहिली मोठी आवृत्ती. त्यात आणखी नावं गेली, आणि नमपायच्या सी-पातळीवर बांधलेली पॅकेजेस पुन्हा कंपाईल करावी लागली. सायपाय 1.14 मधून ‘सिम्प्स’ गेलं, त्या जागी ‘सिम्पसन’ वापरावं लागतं. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. वैज्ञानिक पायथनच्या प्रकल्पांनी आपसात ठरवलेला संकेत असा, की पायथनची प्रत्येक आवृत्ती साधारण तीन वर्षं आणि नमपायसारख्या मुख्य पॅकेजेसची आवृत्ती दोन वर्षं सांभाळायची. लहान पॅकेजनेही तोच संकेत पाळावा. त्याहून जुन्यासाठी कुणी आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणायचं.

म्हणून टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर माहीत असलेल्या आकड्याशी आपोआप ताडून पाहणाऱ्या तपासण्या, हव्यात. एफएओच्या अहवालात सोडवून दाखवलेली उदाहरणं आहेत, त्यांचेच आकडे टेस्ट म्हणून घाला. नवी आवृत्ती आली की पाच मिनिटांत कळतं काय मोडलंय. आणि लायसन्स पहिल्याच दिवशी टाका. नुसता कोड उघड्यावर ठेवल्याने दुसऱ्याला तो वापरायचा हक्क मिळत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते: माणसं. आपल्याकडे चांगला कोड जन्मतो तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. व्हायव्हा होतो, मुलं नोकरीला जातात, पॅकेजचा पासवर्ड त्यांच्यासोबत जातो. पायपीआयने 2024 च्या सुरुवातीपासून दुहेरी पडताळणी सर्वांना सक्तीची केली आहे, त्यामुळे फोन आणि रिकव्हरी कोड दोन्ही हरवलेल्या मालकाचं पॅकेज कुलूपबंदच होतं. बेवारस नाव दुसऱ्याकडे देण्याची प्रक्रिया पायपीआयकडे आहे, पण त्यात वेळ जातो आणि निकालाची खात्री नसते. म्हणून मालकी विद्यार्थ्याकडे नको. शिक्षकाकडे किंवा विभागातल्या कायमच्या माणसाकडे हवी, आणि ‘ओनर’ म्हणून दोन नावं हवीत. वालचंद, ऑर्किड, केगावचं सिंहगड किंवा पंढरपूरचं स्वेरी, यांपैकी दोन कॉलेजांतले दोन शिक्षक मिळून एक पॅकेज सांभाळतील तर ते एका कॉलेजच्या दहा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त टिकेल.

दुसरा माणूस घेताना घाई मात्र करू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या जगभर वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. एकट्याने राबून थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कुणीतरी दोनेक वर्षं कामं करून मिळवला, हक्क घेतले आणि मग ती घुसवली. ज्याला तुम्ही समोर बसून ओळखता असा सहकारी असणं ही लहान शहरातल्या पॅकेजची जमेची बाजू आहे.

मोठ्या प्रकल्पात

इथे चित्र उलटं. तुम्ही नसलात तरी प्रकल्प चालतो, आणि म्हणून तुमच्यावर ओझं नाही. 2015 साली लायगोने पकडलेल्या गुरुत्वीय लहरी असोत की 2019 मधली कृष्णविवराची पहिली प्रतिमा, दोन्हींच्या विश्लेषणात नमपाय होतं. लायगोची भारतातली वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे. इतकं महत्त्व असूनही नमपायच्या विकासाला पहिला मोठा निधी मिळाला तो 2017 मध्ये, मूर फाउंडेशनकडून. तोवरचं काम बहुतेक स्वयंसेवेवर चाललं. म्हणजे माणसांची गरज खरी आहे.

पण ती गरज नव्या फीचरची नसते. आलेल्या इश्यूत (वापरणाऱ्याने नोंदवलेल्या तक्रारीत) दिलेली अडचण आपल्या मशीनवर पुन्हा घडवून पाहणं, जुना इश्यू अजून लागू आहे का ते तपासणं, डॉक्युमेंटेशनमधलं न चालणारं उदाहरण दुरुस्त करणं, दुसऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर (आपला बदल कोडमध्ये घ्या, या विनंतीवर) टेस्ट सुचवणं, हे मेंटेनरचं ओझं प्रत्यक्ष हलकं करतं. या कामाला मी कोडइतकाच मान देतो, आणि शिकायलाही यातून जास्त मिळतं.

प्रकल्प निवडताना लॅपटॉपही पाहा. सिमपाय निव्वळ पायथनमध्ये आहे. कंपायलर लागत नाही, साध्या मशीनवर चालतं. नमपायला सी कंपायलर हवा. सायपाय सोर्समधून बांधायला त्याहून जड आहे आणि जुन्या लॅपटॉपवर फार वेळ खातं. गणित आवडत असेल आणि मशीन साधं असेल तर मी सिमपायच सुचवेन. गुगल समर ऑफ कोड या नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या गुगलच्या उपक्रमात ते 2007 पासून भाग घेत आलं आहे आणि अर्जदाराचा एक तरी पॅच (कोडमधला बदल) आधी मर्ज झालेला, म्हणजे प्रकल्पात स्वीकारलेला, असावा असा त्यांचा नियम आहे. हा नियम उत्तम आहे: निवड झाली नाही तरी काम जमा झालेलं असतं.

धीर लागतो. पॅच लगेच वाचला जात नाही, वाचला की बदल सुचवले जातात, बदल केले की आणखी कुणीतरी नवा मुद्दा काढतो. हा नकार नसतो. भारतीय वेळेचा उपयोग करून घ्या: आपले संध्याकाळी सहा ते नऊ म्हणजे युरोपातली दुपार आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सकाळ. त्या वेळेत बसलात तर एका बैठकीत दोन-तीन उत्तरं मिळू शकतात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या मोहिमेच्या टी-शर्टसाठी हजारो निरर्थक पुल रिक्वेस्ट्स पाठवल्या गेल्या, रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये एखादा शब्द घुसवून. त्यांत आपल्या देशातून आलेल्या पुष्कळ होत्या. आयोजकांना मोहिमेच्या मध्येच नियम बदलावे लागले. आता एआयकडून लिहून घेतलेले, न तपासलेले पॅचेस तसेच येतात. प्रत्येक असा पॅच वाचण्यात कुणाची तरी संध्याकाळ जाते. तुमचा पहिला पॅच लहान असू द्या, पण त्यातली प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

ऑक्टेव्ह आणि फॉसी

मॅटलॅब या आकडेमोडीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही म्हणून ऑक्टेव्ह आपल्या प्रयोगशाळांमध्ये आहेच. जॉन ईटन यांनी 1992 मध्ये त्याचं काम पूर्णवेळ सुरू केलं, रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. गाभा सी++ मध्ये, कोडमधल्या बदलांची नोंद मर्क्युरियल या साधनात, बगची नोंद साव्हाना या स्थळावर. बहुतेक प्रकल्प जिथे असतात त्या गिटहबची सवय असलेल्याला सुरुवात अवघड जाते. सी++ येत असेल आणि वर्गात रोज ऑक्टेव्ह शिकवत असाल तरच इकडे वळा.

फॉसीचं वेगळं आहे. शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून चालणाऱ्या या प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक सर्किट्ससाठी इसिम आणि पोलादी बांधकामाच्या रचनेसाठी ऑस्डॅग विकसित होतं. ऑस्डॅग आयएस 800:2007 या भारतीय मानकावर चालतं, म्हणजे सिव्हिलचा शिक्षक तिथे पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. ते मानक अमेरिकेतल्या मेंटेनरला कुठून माहीत असणार? विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आहेत, स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ धडे मराठीतही आहेत. सोलापुरातल्या सिव्हिल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी स्वतःचं पॅकेज काढण्याआधी इथे एक वर्ष द्यावं असं मला ठामपणे वाटतं. रिव्ह्यू (दुसऱ्याने आपला कोड तपासणं) म्हणजे काय, हे ओळखीच्या विषयात शिकता येतं.

नाव आणि श्रेय

शिक्षकांना हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. स्वतःच्या पॅकेजचं श्रेय स्पष्ट असतं. झेनोडो या संशोधनसाहित्य साठवण्याच्या स्थळावर प्रत्येक रिलीजला डीओआय (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक) मिळतो, फुकट. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे जॉस, 2016 पासून आहे. फी घेत नाही, रिव्ह्यू उघड्यावर होतो, आणि टेस्ट, डॉक्युमेंटेशन, इन्स्टॉलेशन सगळं तपासलं जातं. मात्र तीनेकशे ओळींची फाईल तिथे टिकणार नाही. मोठ्या प्रकल्पात श्रेय विभागलं जातं: सायपायच्या 2020 च्या शोधनिबंधात ‘सायपाय 1.0 कॉन्ट्रिब्युटर्स’ असा गटही लेखक म्हणून आहे. पदोन्नतीच्या अर्जात यांतलं काय धरलं जाईल, हे आपल्या कॉलेजात आधीच विचारून घ्या.

निवडण्याआधी

प्रकल्प कोणताही असो, त्याचे अलीकडचे दहा इश्यू उघडून पहिलं उत्तर किती दिवसांनी आलं आणि कुठल्या सुरात आलं ते पाहा. उत्तरं थंड किंवा उद्धट असतील तर प्रकल्प कितीही नावाजलेला असला तरी जाऊ नका. स्वतःचं पॅकेज काढत असाल तर दुसऱ्या ‘ओनर’चं नाव आधी लिहा, पायपीआयवर नंतर जा. नाव सुचत नसेल तर फाईल डीओआयसह झेनोडोवर ठेवा, ‘सांभाळली जात नाही’ असं वर लिहा, आणि बहाराचे पीक गुणांक व ते कुठल्या मोजणीतून आले याची नोंद जोडा. पुढच्या कुणाला पॅकेज बांधायचं असेल तर त्याला आधी हेच आकडे लागतील.