सालदारांच्या पुढाऱ्याचा फायबरचा अर्धपुतळा: घ्यावा का, आणि काय बघून घ्यावा?

शहादा-तळोद्याकडच्या (नंदुरबार जिल्हा) एखाद्या गावात, सालदारांचे म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुरांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांच्या स्मारकासाठी वर्गणी निघाली, की चौकशी बहुधा फायबरच्या अर्धपुतळ्याचीच होते. ब्राँझचा खर्च गावाच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि सिमेंटमध्ये चेहरा बोथट येतो. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: वर छप्पर असेल तर फायबर जरूर घ्या. उघड्यावर बसवणार असाल तर घेऊ नका. आणि वर्गणीचा निदान चौथा हिस्सा खालच्या दगडी पाटीसाठी राखून ठेवा, कारण या सगळ्या कामात सर्वात हलगर्जी तिथेच होते.

छपराचा आग्रह उन्हासाठी. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जातो. फायबरमधलं पॉलिएस्टर रेझिन उन्हाने पिवळं पडतं, मग पांढरी भुकटी सुटते. वरून मारलेला ‘ब्राँझ’ रंग तर आधीच काळवंडतो, पोपडे धरतो. म्हणून रंग जेलकोटमध्येच, म्हणजे साच्यात आधी लावतात त्या रेझिनच्या बाहेरच्या थरातच मिसळून घ्यावा आणि वरून उन्हाला टिकणारा, चमक नसलेला पारदर्शक थर द्यायला सांगावा. चकचकीत फिनिश मागू नये. त्यात चेहऱ्यावर उजेडाचे डाग पडतात आणि फोटोत नाकडोळेच दिसत नाहीत.

कारखान्यात विचारायचं ते थर आणि हार्डनर (रेझिन आवळायला त्यात घालतात ते रसायन). जेलकोटनंतर काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला 450 ग्रॅम) किमान दोन थर हवेत. खांदे आणि बुडाची कड यांना तिसरा. हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के पडतो. उन्हाळ्यात काम उरकायच्या घाईत तो जास्त ओतला, की रेझिन तापून लवकर आवळतं आणि कानामागे, मानेपाशी केसासारख्या चिरा पडतात. पुट्टी लावली की त्या झाकतात, पावसाळ्यानंतर पुन्हा वर येतात. तेव्हा माल रंगवण्याआधी बघायला जा आणि बोटाच्या टिचकीने सगळीकडे वाजवून पाहा. आवाज मध्येच बदलला तर तिथे हवेची पोकळी आहे. बोल्ट स्टेनलेसचेच, चार, आणि घडवतानाच आत बसवलेले हवेत. साध्या लोखंडी बोल्टचा गंज चौथऱ्यावर ओघळतो. बुडाला पाणी निघायला भोक ठेवून त्यावर जाळी लावा, नाहीतर आत गांधीलमाश्या घर करतात.

चेहरा जुळणं न जुळणं मातीच्या मॉडेललाच ठरतं. हाताशी फोटो एकच, तोही समोरून घेतलेला असला, तर कान, मान आणि डोकं मागून कसं होतं हे शिल्पकार अंदाजाने करतो. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता थोडी राहिलीत. त्यांना त्याच वेळी गाडी करून घेऊन जा. साच्यानंतर नाक बदलत नाही. परवानगीचंही तसंच. ग्रामपंचायतीचा ठराव, जागामालकाची संमती आणि पोलिसांची ना-हरकत घेऊन प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती यायच्या आत साचा काढला तर पैसे अडकले म्हणून समजा. जागा भर चौकात धरू नका; सार्वजनिक रस्त्यावर आणि पदपथावर पुतळ्याला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. समाजमंदिराचं आवार बरं.

आकार मूळ माणसाच्या सव्वापट घ्या, मोकळ्या जागेत मापाचा पुतळा खुजा दिसतो. चौथरा साडेचार-पाच फुटांपुढे नको. उंच केला की खालून हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात.

आता पाटी. ‘थोर समाजसेवक’ एवढं कोरून खाली वर्गणीदारांची लांबलचक यादी, असलं काम आम्ही नापास करू. वाचणाऱ्याला कळायला हवं की आखाजी ते आखाजी (अक्षय तृतीया) वर्षाच्या कराराने राबणारा सालदार उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, कसा अडकत असे. भजनी मंडळांतून भिल्ल तरुण कसे जोडले गेले. आदिवासींवरच्या अत्याचाराचं 1971 चं पाटीलवाडी प्रकरण काय होतं. 1972 मध्ये आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली ती कशासाठी. आणि दारूचे मडके फोडायला बाया कशा पुढे आल्या. वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 चा, हेही घाला. सत्तर-ऐंशी शब्दांत हे बसतं. वर्गणीदारांची नावं चौथऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊ द्या.

काळा ग्रॅनाइट 18-20 मिलिमीटर जाडीचा चालतो. अक्षरं खोल कोरून घ्या, सोनेरी रंग उडाला तरी वाचता आली पाहिजेत. वरवरच्या लेझरची करडी अक्षरं सावलीत दिसत नाहीत. मजकूर जुन्या डीटीपी फाँटमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, म्हणून खऱ्या मापाचा कागदी प्रिंट भिंतीला चिकटवा आणि सातवी-आठवीच्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. दगडावर खोडरबर चालत नाही.

पैसे तीन हप्त्यांत द्या: माती मंजूर झाल्यावर, रंगाआधीची तपासणी झाल्यावर आणि पाटी बसल्यावर. साचा कोणाकडे राहणार हे पावतीवरच लिहून घ्या. तो गावाकडे राहिला तर शेजारच्या गावाला दुसरी प्रत नुसत्या माल-मजुरीत पडते. परवानगी मात्र त्यांना वेगळी काढावी लागेल.