आरसी (रिमोट कंट्रोल) कारच्या व्हिडिओसाठी फुकट गाडी देतो सांगून ३६,५०९ रुपयांना गंडवलं, नाशिककरांनो वाचा

आधी आकडा सांगतो. ३६,५०९ रुपये गेले. सहा दिवसांत चार वेळा पैसे पाठवले आणि चारही वेळा पिन मी स्वतःच्या हाताने टाकला. हे लिहायला दीड महिना लागला, कारण घरच्यांनाच सांगायची लाज वाटत होती तर बाहेर काय सांगणार. पण मागच्या आठवड्यात सिन्नरच्या एका मुलाला अगदी शब्दाला शब्द तोच मेसेज आला हे कळलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

मी सातपूरला एमआयडीसीत कामाला आहे. तीन वर्षांपासून मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा रिमोट कंट्रोल गाड्यांचे व्हिडिओ बनवतो. आमची मुख्य गाडी डब्ल्यूएलटॉइज १४४००१, १/१४ स्केलची म्हणजे खऱ्या गाडीच्या चौदाव्या भागाएवढी, तिची मूळ मोटर काढून मी ब्रशलेस, म्हणजे जास्त ताकदीची मोटर बसवलीये. रविवारी सकाळी उजाडायच्या आत चामर लेणीच्या पायथ्याला नाहीतर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचं, फोन जमिनीलगत वाळूच्या पिशवीवर टेकवायचा, म्हणजे एवढीशी गाडी खऱ्या रॅलीच्या गाडीसारखी दिसते, आणि चिखल उडताना २४० फ्रेमला स्लो मोशन घ्यायचा. गाडी पोरगा चालवतो, शूट आणि एडिटिंग माझं. यूट्यूब चॅनलला १,८६० सबस्क्रायबर. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, आमचे तास जेमतेम ११०० होते. म्हणजे कमाई शून्य, टायर आणि बॅटऱ्यांचा खर्च सगळा खिशातून. हे सांगतोय कारण लोक लगेच म्हणतात "लालच केली". मला लाखो रुपये नको होते हो, पोराला एक मोठी गाडी मिळेल एवढंच डोक्यात होतं.

इन्स्टाग्रामवर मेसेज आला, परदेशातल्या एका नावाजलेल्या आरसी कंपनीच्या नावाने. लोगो तोच, मेल आयडीही तसाच, मध्ये एक डॅश जास्त होता तो मी नंतर पाहिला. १/८ स्केलची ब्रशलेस ट्रगी (मोठ्या चाकांची ऑफ-रोड गाडी) आणि सिक्स एस लिपो, म्हणजे सहा सेलची लिथियम बॅटरी रिव्ह्यूसाठी फ्री, गाडी तुमच्याकडेच राहणार, वर प्रत्येक व्हिडिओचे ८,००० रुपये. मी विश्वास का ठेवला? कारण त्याने आमचा पावसाळ्यातला व्हिडिओ खरंच पाहिला होता. ३ मिनिट १२ सेकंदाला गाडी दगडावरून उडून मागच्या चाकांवर उतरते, तो शॉट कसा घेतला असं त्याने विचारलं. तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणून सांगतो, कोणी तुमच्या व्हिडिओचा मिनिट-सेकंद सांगून कौतुक केलं म्हणजे तो खरा असं समजू नका, यांचा अभ्यास पक्का असतो.

पुढची पद्धत अशा फसवणुकीत नेहमीचीच, एक फी भरली की दुसरी मागायची, फक्त माल आमच्या आवडीचा. पहिले २,४९९ रजिस्ट्रेशनचे, परत मिळणारे, कारण म्हणे काही क्रिएटर गाडी घेऊन गायब होतात. मग मुंबईत गाडी कस्टममध्ये अडकली, ड्युटी ११,७५०. मग लिपो बॅटरी धोकादायक माल म्हणून तिच्या क्लिअरन्सचे ८,२६०. मग खेळण्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) सर्टिफिकेट नाही म्हणून टेस्टिंग डिपॉझिट १४,०००, तेही परत मिळणारं.

आता कोणी मला मूर्ख म्हणायच्या आधी हे ऐका. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, हे मला माहीत होतं कारण पार्ट मागवताना आम्हाला त्याचा चटका बसतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा मार्क सक्तीचा आहे हेही खरं. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला वेगळे नियम असतात हेही खरं. म्हणजे ज्याला यातलं काहीच कळत नाही तो कदाचित दुसऱ्याच मागणीला थांबला असता, मला थोडं कळत होतं म्हणून प्रत्येक कारण पटत गेलं. खोट्याला खऱ्याचा मुलामा होता. बीआयएसचं लायसन्स माल बनवणाऱ्या कारखान्याला मिळतं, घरी एक गाडी घेणाऱ्याकडून कोणी टेस्टिंग डिपॉझिट घेत नाही, हे मला नंतर एका इंपोर्टवाल्याने सांगितलं.

पण एक गोष्ट अजून झोपू देत नाही. त्यांनी ट्रॅकिंगची लिंक दिली होती, दिसायला अगदी कुरिअरच्या साइटसारखी. त्यात पार्सलचं वजन लिहिलं होतं १.२ किलो. एक पूर्णांक दोन! १/८ ची ट्रगी बॉक्ससकट पाच किलोच्या खाली येतच नाही, त्यात सिक्स एस बॅटरी. मी गाड्यांचं वजन किचनमधल्या काट्यावर ग्रॅममध्ये करून वहीत लिहिणारा माणूस, पुढे किती मागे किती, आणि तो १.२ चा आकडा मी डोळ्यांनी वाचला, मुलाला वाचून दाखवला, आणि मनाशी म्हटलं टायपिंगची चूक असेल. त्याच संध्याकाळी ११,७५० चा क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं. कस्टमचे पैसे मोबाइल शॉपीच्या खात्यात कशाला जातील? अंगठा दोन-तीन सेकंद थांबला होता माझा. मी विचारलंसुद्धा, तर म्हणाला "सर, वो हमारे एजंट का अकाउंट है, आप टेन्शन मत लो". आणि पोरगा शेजारी उभा, त्याने आदल्याच दिवशी शोकेसचा खालचा कप्पा रिकामा करून पट्टीने मापून ठेवला होता, ५५ सेंटिमीटरची गाडी बसते का ते बघायला. मी पिन टाकला.

पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. तिथेच सगळं कळतं. ड्युटी खरंच असेल तर कुरिअर कंपनी स्वतःच्या नावाने बिल देते, कागदपत्रं देते, व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवत नाही.

पाचव्यांदा दंड म्हणून १९,५०० मागितले तेव्हा बायकोने फोन हातातून घेतला आणि सरळ विचारलं, पार्सलचा फोटो पाठवा. दोन मिनिटांत ब्लॉक. तिला आधीच सांगितलं असतं तर २,४९९ वर भागलं असतं.

आता पुढचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन मी चार दिवसांनी केला, ही चूक माझी, मान्य. पहिल्या तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवता येतात, नंतर ते या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतात. लाज नंतर वाटून घ्या, आधी फोन लावा, आणि नंबर शोधायला गूगल करू नका, तिथेही खोटे हेल्पलाइन नंबर बसलेत. १९३० लक्षात ठेवा बस.

तक्रार नोंदवली, पावती क्रमांक आला, तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर टेबलवरचे साहेब म्हणतात, "खेळण्यातल्या गाडीसाठी छत्तीस हजार? तुमचं वय काय?" शेजारचे दोघं हसले. मुलगा बरोबर होता हो! तो पूर्ण वेळ खाली बघत होता. मग सांगितलं सायबर पोलीस ठाण्यात जा. तिकडे गेलो तर रक्कम छोटी आहे, तुमच्या हद्दीच्या ठाण्यातच द्या. परत इकडे. मग स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा. बँकेत गेलो तर मॅडम म्हणतात शिक्का मारणारे साहेब सुट्टीवर, सोमवारी या. सोमवारी सर्व्हर डाउन. पिन तुम्हीच टाकला म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, बँकेची जबाबदारी नाही, हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. ज्याच्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणत्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलं असेल ना? त्या माणसाचा आधार, पॅन, फोटो सगळं त्यांच्याकडे आहे, मग मला काय विचारता गाडीचं स्केल काय आणि सिक्स एस म्हणजे काय? एफआयआर अजून नाही, फक्त अर्ज घेतलाय. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायला हवा, हे मी छापून नेलं, तर म्हणाले "वकील आहात का". पाच अर्ध्या रजा गेल्या माझ्या यात, पगार कापला तो वेगळाच.

बँकेला तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. मी तेच केलंय.

अजून एक, व्हिडिओवाल्यांनी नीट ऐका. सुरुवातीलाच त्यांनी करारनामा म्हणून पासवर्ड टाकलेली झिप फाइल पाठवली होती आणि लॅपटॉपवरच उघडा म्हणाले. माझा लॅपटॉप बिघडलेला म्हणून वाचलो. असल्या फाइलमधून ब्राउझरचं लॉगिनच चोरतात, मग टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड) असूनही चॅनल जातं. चॅनलचा मॅनेजर ॲक्सेसही मागितला होता, कोणाला देऊ नका, कुठलाही स्पॉन्सर कितीही मोठा असो.

सिन्नरच्या मुलाचे २,४९९ गेले होते, कस्टमचा क्यूआर आलेला होता. तो आमचे व्हिडिओ बघतो, कमेंटमध्ये आनंदाने लिहिलं होतं की दादा मला पण स्पॉन्सर मिळाला. मी लगेच त्याला फोन करून ट्रॅकिंगवरचं वजन वाचायला सांगितलं. तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, "दादा, १.२ किलो."