जळगावचं मत्स्यालय-दुकान: मासे उत्तम, वयाचा मात्र पत्ता नाही

हॉलमधल्या टाकीसाठी मासे घ्यायचे असतील तर या दुकानाला नाव ठेवायला जागा नाही. मेंदूची जखम कोणता मासा कशी भरून काढतो हे ताडून पाहायला मासे हवे असतील, तर मात्र जपून.

झेब्रा डॅनिओ आणि नारिंगी मेडाका एकाच छताखाली मिळतात. तुलनेला हीच जोडी लागते. प्रौढ झेब्राच्या पुढच्या मेंदूत सुई टोचली, की पोकळीलगतच्या ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या) विभागतात, नव्या चेतापेशी बनतात आणि कायमचा व्रण राहत नाही. मेडाकाच्या टेक्टममध्ये, म्हणजे मेंदूच्या नजर सांभाळणाऱ्या भागात, जखमेनंतर ग्लिया विभागतात खऱ्या, पण चेतापेशी फारशा होत नाहीत, व्रणासारखा थर मात्र उरतो.

वय विचारलं की सगळ्याच टाक्यांसाठी एकच उत्तर: "तीन महिन्यांचे आहेत, भाऊ." इथंच गाडी अडते. आफ्रिकेतल्या टर्क्वॉइज किलीफिशमध्ये तरुण मासा मेंदू दुरुस्त करतो, म्हाताऱ्यात व्रण धरतो. मग वय माहीत नसलेल्या माशांत दिसलेला फरक जातीचा की वयाचा, हे सांगणार कोण? (किलीफिश इथं मिळत नाही.)

त्याहून छुपी अडचण स्यूडोलोमा या परजीवीची. तो झेब्राच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत घर करतो, दाह धुमसत ठेवतो. झेब्रात दाहच पुनर्निर्मितीला चालना देतो, हे 2012 मध्ये दिसलं आहे. म्हणजे सुई लागण्याआधीच प्रयोग बिघडलेला. खोल गेलेलं पोट, वाकडा कणा दिसला तर ती टाकी सोडा. पण लागण असूनही धडधाकट दिसणारे मासे असतातच. म्हणून विकतचे मासे फक्त पैदाशीला वापरा, महिनाभर वेगळे ठेवा, अंडी घेतल्यावर नर-मादीच्या मेंदूची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करा. परजीवी अंड्यातूनही पुढे जातो, नुसतं ब्लीचनं अंडी धुऊन भागत नाही. प्रयोग पुढच्या पिढीवर, जन्मतारीख टाकीवर लिहून.

पॅकिंगला पैकीच्या पैकी: पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, दुहेरी रबर. घरी पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग मासे जाळीनं काढा, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. झेब्राला 28 अंश पाणी मानवतं. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पिशवी बसच्या डिक्कीत ठेवलीत तर भुसावळपर्यंतही मासे टिकायचे नाहीत. सकाळी आठच्या आत घ्या, थर्माकोलच्या पेटीत न्या.

पैदाशीच्या जोड्यांसाठी पाचपैकी चार. थेट प्रयोगासाठी एक, तोही पॅकिंगचा.