अंधारा बोळ, दोन काचेची कौलं: दहा महिन्यांनंतर

शहापुरातलं आमचं घर आगगाडीसारखं. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि मध्ये 18 फूट लांब, जेमतेम 3 फूट रुंद बोळ. एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला आमच्या खोल्या. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय पाय टाकायची सोय नव्हती. गेल्या दिवाळीनंतर काम काढलं. एक पावसाळा बघून झाला, म्हणून आता लिहितोय.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल, तर छपरावरच्या दोन काचेच्या कौलांचा. बोळावर माळा नाही, थेट मंगलोरी कौलं, म्हणून जमलं. जुनी दोन उतरवून त्याच मापाची काचेची बसवली. खाच नीट बसते का, ते वर चढायच्या आधीच जुन्या कौलाला लावून बघा, नाहीतर पहिल्याच सरीला बोळात बादली ठेवायची पाळी येते. आजी आता तिथंच पाट टाकून बसते. म्हणते, "सुई ओवता येतंय बघ इथं."

रंगानं मात्र फसवलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून पांढरा प्लास्टिक पेंट मारला, तोही चकचकीत. तिरक्या उजेडात भिंतीचा एकूण एक उंचवटा दिसायला लागला. जुलैत तर शेजारच्या भिंतीवर फुगे आले. जुना चुन्याचा गिलावा ओल धरतो आणि सोडतो; वरून प्लास्टिकचा थर दिला की ती आतच कोंडते. शेवटी ती भिंत खरवडली, पावसानं उघडीप दिल्यावर थोडी नीळ घालून चुन्याचे दोन हात दिले. ओल अजून आहे, पण फुगे नाहीत. हाताला चुना लागतो, तेवढं सोसायचं.

आरसा आधी बोळाच्या टोकाला लावला होता. चूकच. बोळ दुप्पट लांब दिसायला लागला आणि रात्री पाण्याला उठलेलं माणूस स्वतःलाच बघून दचकायचं. मग तो मधल्या खोलीच्या दारासमोर, बोळाच्या लांब भिंतीवर आणला. खोलीतल्या खिडकीचा उजेड त्यात पडतो आणि 3 फुटांचे 5 वाटतात. टोकाच्या भिंतीला हळदी रंग दिला, त्यानं ती जरा जवळ आल्यासारखी दिसते.

दिव्यांचं थोडक्यात: मधला एकच मोठा बल्ब काढून भिंतीकडं तोंड केलेले 5 वॅटचे तीन एलईडी लावले, 4000 केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड निळसर). आधीचा 6500 चा निळसर उजेड दवाखान्यासारखा वाटायचा. शहाबादी फरशी काळपट आहे, तरी बदलली नाही. पायाला गार लागते.

एक तक्रार राहिलीच. पावसाळ्यात काचेच्या कौलांवर शेवाळ धरतं आणि उजेड हिरवट, मंद होतो. घासायला वर चढायला पाहिजे. आमची शिडी गणपतीच्या मांडवाला गेलीय, अजून परत आलेली नाही.