जपानी की जर्मन? झेडपीच्या चौथीसाठी

साताऱ्याजवळच्या झेडपी शाळेत शनिवारी तासभर विनामोबदला शिकवायचं, तर मी जपानीच्या बाजूने. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, अगदी मराठीसारखं. पोरं लवकर वाक्यं जुळवू लागतात. हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं अवघड दिसतात खरी, पण अ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु हा क्रम ऐकला की बाराखडी पाठ असलेली मुलं सुरात म्हणायला लागतात. पाटीवर गिरवायलाही त्यांना आवडतं.

जर्मनची लिपी रोमन, लिंगंही मराठीसारखी तीन. मात्र इंग्रजी वाचन नुकतं बसत असताना त्याच अक्षरांचे वेगळे उच्चार आले की लहानगी गोंधळतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, म्हणून पालकांचा ओढा जर्मनकडे; पण तो विचार दहावीनंतर करावा.