आधी गणित की आधी मोजणी? फुकुशिमानंतरचे दोन मार्ग

अणुभट्टीतून किरणोत्सारी द्रव्ये हवेत सुटू लागली की लोकांना किरणोत्साराची किती मात्रा मिळेल, हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत: वारा, पाऊस आणि उत्सर्जनाचे प्रमाण संगणकाला देऊन आगाऊ गणित करणे, किंवा जमिनीवरील मापकांच्या आकड्यांवरून निर्णय घेणे.

जपानची ‘स्पीडी’ प्रणाली पहिल्या मार्गाची. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाइची या अणुवीज प्रकल्पातील वीजपुरवठाच खंडित झाल्याने उत्सर्जनाचे प्रमाण कळेना, तेव्हा ताशी १ बेकरेल (किरणोत्सारितेचे एकक) असे मानीव उत्सर्जन धरून गणिते केली गेली. त्यातून खरी मात्रा कळत नाही, पण दिशा कळते, आणि माझ्या मते त्या दिवसांत तीच अधिक मोलाची होती. प्रकल्पाजवळच्या नामिए गावातील अनेक रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते. १५ मार्चला वारा नेमका त्याच बाजूला वळला आणि पावसा-हिमाबरोबर किरणोत्सारी सीझियम जमिनीवर उतरले. स्पीडीचा पहिला नकाशा जनतेसमोर आला तो २३ मार्चला.

२०१४ मध्ये जपानच्या अणुनियामक प्राधिकरणाने स्पीडीवर विसंबून स्थलांतर ठरवायचे नाही, असा निर्णय घेतला. आता मापकांवर ताशी ५०० मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आढळल्यास तातडीने, तर २० आढळल्यास साधारण आठवड्याभरात लोकांना हलवायचे असते. या आकड्यांवर वाद घालता येत नाही, हे खरे. मात्र मापकाचा आकडा चढतो तेव्हा ढग डोक्यावर आलेला असतो, आणि आयोडिनची गोळी त्याच्या थोडी आधी किंवा लगेच घेतली तरच थायरॉइडचे नीट रक्षण होते. म्हणूनच सुमारे ५ किलोमीटरच्या आतील लोकांना, उत्सर्जनाची वाट न पाहता, प्रकल्पाच्या स्थितीवरूनच हलवण्याची तरतूद तिथे आहे.